किल्लारीचे विंधण आणि वरोऱ्याची खाण

लातूर किंवा परळीच्या रेल्वे फाटकावर मालगाडी जाईपर्यंत थांबलेल्या मुलांनी कोळशाने भरलेल्या वाघिणी मोजल्या नाहीत असे सहसा होत नाही. हा कोळसा परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्राकडे जातो. वाघिणी मोजून झाल्या की वर्गात कधी ना कधी एक प्रश्न हमखास येतो: "सर, कोळसा एवढ्या लांबून का आणायचा? आपल्याकडची जमीन काळी, दगडही काळा, मग आपल्याकडे कोळशाची खाण का नाही?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. त्याच्या उत्तरासाठी आपल्याला दोन ठिकाणी जावे लागेल. एक आहे लातूर जिल्ह्यातले किल्लारी. दुसरे आहे चंद्रपूर जिल्ह्यातले वरोरा. किल्लारीला जमिनीत एक खोल भोक पाडले गेले आहे आणि वरोऱ्याला जमिनीखाली शंभर वर्षांपूर्वी बंद झालेली खाण आहे. पहिली जागा आपल्याकडे कोळसा का नाही ते सांगते. दुसरी जागा कोळसा काढून घेतल्यावर जमिनीचे काय होते ते सांगते. सहलीला निघण्यापूर्वी दुसरी गोष्ट शिक्षकाला नीट माहीत असलीच पाहिजे, कारण बंद खाण ही बघण्यासारखी जागा आहे, पण आत शिरण्यासारखी नाही.

किल्लारीच्या पोटात काय निघाले?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारी आणि परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूभाग, अशी त्याआधीची समजूत होती. म्हणून भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ एक खोल विंधण घेतले. खडकाला गोल पोकळ पात्याने कापत जायचे आणि मधला दांड्यासारखा गाभा तुकड्यातुकड्याने वर काढायचा, अशी ही पद्धत आहे. आपल्या बोअरवेलमध्ये नुसता भुगा वर येतो, इथे खडकच क्रमाने हाती येतो.

हे विंधण ६१७ मीटर खोल गेले. त्यातला वरचा ३३८ मीटरचा भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळ्या पाषाणाचा निघाला. त्याखाली फक्त ८ मीटर जाडीचा गाळाचा खडक होता. आणि त्याखाली, विंधण संपेपर्यंतच्या सुमारे २७१ मीटरमध्ये, पायाचा अतिप्राचीन रूपांतरित खडक होता. त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास आहे.

आता ही थप्पी उलट्या क्रमाने वाचा. तळाला अडीचशे कोटी वर्षांचा पाया. वर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. या दोहोंमध्ये पृथ्वीच्या इतिहासातली दोनशे चाळीस कोटींहून अधिक वर्षे येतात आणि त्यांची नोंद म्हणून उरला आहे जेमतेम आठ मीटर गाळ! भारतातला बहुतेक दगडी कोळसा साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तो ज्या खडकांत सापडतो त्यांची थप्पी शेकडो मीटर जाड असते. ती थप्पी किल्लारीत नाही. वहीतली मधली पानेच नाहीत, तर त्यावरचा मजकूर कुठून वाचणार?

एखादा चिकित्सक विद्यार्थी म्हणेल, एका भोकावरून सगळ्या जिल्ह्याचे कसे सांगता? आक्षेप योग्य आहे. त्यासाठी नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला जाऊ. देगलूर, बिलोली या भागांत काळ्या पाषाणाची चादर संपते आणि तिच्या कडेखालून थेट ग्रॅनाइट वर येतो. तेथेही मध्ये कोळशाची थप्पी नाही. चादरीच्या मध्यावर टोचून पाहिले आणि तिची कड उचलून पाहिली, दोन्हीकडे सारखेच दिसले. पश्चिमेला कोयना परिसरातल्या खोल विंधणात तर बेसॉल्ट ९३० मीटरहून अधिक जाड निघाला आणि त्याखाली गाळाचा थर मुळी नव्हताच. म्हणून मराठवाड्याच्या पोटात मोठे कोळसाक्षेत्र दडलेले असण्याची शक्यता फार कमी आहे, असे आपण म्हणू शकतो. 'नाहीच' आणि 'शक्यता फार कमी' यांतला फरक मुलांना जरूर समजावून द्यावा. नागपूरच्या पश्चिमेस काटोल-सावनेर भागात ट्रॅपच्या खाली कोळसा सापडलेला आहे. म्हणजे वरचा दगड काळा की पांढरा, याने काही ठरत नाही. खाली काय आहे त्यावर ठरते.

कोळसा हवा तर जमीन खचली पाहिजे

दगडी कोळसा म्हणजे दलदलीत साचलेला, कुजता कुजता राहून गेलेला आणि नंतर दाबाने व उष्णतेने बदललेला वनस्पतींचा थर. पण नुसते जंगल असून भागत नाही. पडलेला पाला साठत राहायचा तर तो पाण्याखाली राहिला पाहिजे, म्हणजे हवा लागून पूर्ण कुजणार नाही. आणि मीटरच्या मीटर थर साठायचे तर दलदलीचा तळ हळूहळू खाली जात राहिला पाहिजे. उंचावरच्या टणक जमिनीवर कितीही घनदाट जंगल वाढले, तरी त्याचा कोळसा होत नाही.

वर्धा आणि प्राणहिता-गोदावरी यांच्या खोऱ्यात असा खचत जाणारा लांबट पट्टा होता. दोन बाजूंच्या भेगांमधली जमीन खाली सरकून झालेली ही खचदरी. तिच्यात गाळ साठला, दलदली झाल्या, त्यांवर पुन्हा गाळ साठला. उत्तरेला वरोरा, भद्रावती, वणी, चंद्रपूर, बल्लारपूर आणि दक्षिणेला तेलंगणातील सिंगरेणीच्या खाणी याच पट्ट्यावर आहेत. आपला लातूर-नांदेडचा भाग या दरीच्या बाहेर, काठावरच्या उंच खडकावर राहिला. मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला आणि त्याने दरीचा काही भाग आणि काठ दोन्ही झाकून टाकले.

या खडकांना शास्त्रज्ञांनी 'गोंडवन' हे नाव दिले ते गोंडांच्या प्रदेशावरून. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी होती. पुढे दक्षिणेकडच्या सगळ्या प्राचीन महाखंडालाच हे नाव मिळाले. त्या काळच्या दलदलीतली मुख्य वनस्पती होती ग्लॉसॉप्टेरिस. तिचे पान जिभेसारखे लांबट, मधोमध ठळक शीर असलेले. हेच पान दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका येथेही दगडात सापडते. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तंबूत सुमारे १६ किलो दगड मिळाले. थकव्याने पाय उचलवत नसतानाही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्यांत ग्लॉसॉप्टेरिसचे जीवाश्म होते. चंद्रपूरच्या शेलमधले पान आणि अंटार्क्टिकाच्या दगडातले पान एकाच वंशाचे!

आणखी एक गोष्ट नांदेडकरांच्या जवळची आहे. माहूर-किनवटच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढे चंद्रपूर जिल्ह्यात जाते. तेथे इरई गावाजवळ तिच्या पात्रातल्या चुनखडकावर घासल्याच्या समांतर रेघा आहेत आणि त्यावर लहानमोठ्या धोंड्यांचा थर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फेडन यांनी १८७५ मध्ये याविषयी लिहिले. सरकत्या बर्फाने तळाशी धोंडे धरून खडक घासला की अशा रेघा उमटतात. कोळशाच्या दलदली होण्याआधी हा प्रदेश बर्फाखाली होता. उन्हाळ्यात ४५ अंश तापमान सोसणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांना हे सांगितले, की वर्ग क्षणभर गप्प होतो.

नांदेडहून वरोऱ्याला जाताना

मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट, आदिलाबाद, वणी असा लोहमार्ग माजरीला जातो. माजरीपुढचेच मोठे गाव वरोरा. हा प्रवास म्हणजे खिडकीतून वाचायचे भूशास्त्राचे पुस्तक आहे.

सुरुवातीला दोन्ही बाजूंना आपली काळी माती आणि सपाट माथ्यांच्या टेकड्या दिसतात. सहस्रकुंडला पैनगंगा बेसॉल्टच्याच पायऱ्यांवरून उडी घेते. आदिलाबादच्या पुढे मुकुटबन-वणीच्या बाजूला फिकट राखी-तांबूस चुनखडक लागतो. हाच चुनखडक कोरपना, गडचांदूर भागातले सिमेंट कारखाने वापरतात. हा कोळशाहून कितीतरी जुना आहे. आणि वणीजवळ पोचता पोचता आडव्या माथ्याचे राखी डोंगर दिसू लागतात. ते डोंगर नव्हेत. उघड्या खाणींतून काढून टाकलेल्या माती-दगडांचे ते ढिगारे आहेत. विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे: दर स्थानकाला मातीचा रंग आणि दिसणारा दगड वहीत लिहा. परतीच्या प्रवासात तीच यादी उलटी तपासा.

वरोऱ्याची खाण

वरोरा म्हटले की आज बाबा आमटे यांचे आनंदवन आठवते. पण त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, वरोरा प्रसिद्ध होते ते कोळशासाठी. १८७० च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकला गेला, तो मुख्यतः या कोळशासाठीच. थिओडोर ह्यूज यांनी वर्धा खोऱ्याच्या कोळसाक्षेत्राचा सविस्तर अहवाल १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. वरोऱ्याची खाण सरकारी मालकीची होती आणि १९०६ मध्ये ती बंद झाली. पुढे बल्लारपूर, घुग्गुस, माजरी अशा नव्या नव्या खाणींकडे उद्योग सरकत गेला. १९७३ मध्ये देशातल्या उरलेल्या खाजगी कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि या खोऱ्यातल्या खाणी पुढे वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या.

खाण बंद झाली म्हणजे माणसे वर आली, यंत्रे वर आली, हिशेब मिटले. पोकळी मात्र खालीच राहिली. ती पोकळी कशी असते ते समजून घेऊ.

जमिनीखाली कोळशाचा थर एखाद्या वडीच्या थरासारखा आडवा पसरलेला असतो. त्यात रस्ते कोरत जातात, आधी उभे, मग आडवे. मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब ठेवतात. वरून नकाशा पाहिला तर शहरातल्या चौकांसारखा दिसतो: रस्ते म्हणजे काढलेला कोळसा, इमारती म्हणजे ठेवलेले खांब. छत याच खांबांवर उभे असते.

फळ्यावर एक हिशेब मांडा. रस्ते ४ मीटर रुंद आहेत आणि एका रस्त्याच्या मध्यापासून पुढच्या रस्त्याच्या मध्यापर्यंत २० मीटर आहेत असे धरा. म्हणजे प्रत्येक खांब १६ मीटर गुणिले १६ मीटर. एका खांबाच्या वाट्याला येणारी जमीन २० गुणिले २०, म्हणजे ४०० चौरस मीटर. खांबाचे क्षेत्रफळ २५६ चौरस मीटर. काढलेला भाग १४४ चौरस मीटर, म्हणजे फक्त ३६ टक्के. निम्म्याहून अधिक कोळसा खालीच राहिला!

आता खांबावरचा भार काढा. खाण ६० मीटर खोल आहे आणि वरच्या खडकाचे एक घनमीटर २.३ टन भरते असे समजा. खाणीआधी प्रत्येक चौरस मीटरवर १३८ टन भार होता. आता ४०० चौरस मीटरचा भार २५६ चौरस मीटरवर आला, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २१६ टन. खाण सोडताना राहिलेला कोळसा जाववत नाही, म्हणून खांब चारी बाजूंनी तासून १२ गुणिले १२ मीटरचे केले तर? मग काढलेला कोळसा ६४ टक्के होतो, पण खांबावरचा भार ३८३ टनांवर जातो. लोभ आणि सुरक्षितता यांचे गणित इतके उघड असते. शिवाय खांब दगडाचा नसून कोळशाचा आहे. पाणी आणि हवा लागून त्याचे कोपरे वर्षानुवर्षे झडत राहतात. आज भार पेलणारा खांब पन्नास वर्षांनीही पेलेलच, याची खात्री नसते.

जमिनीवरच्या खुणा

बंद खाणीच्या परिसरात बाहेरूनच पुष्कळ दिसते. कुंपणाबाहेर राहून या खुणा शोधता येतात.

पहिली खूण म्हणजे खळगे. रस्त्याचे छत पडले की त्याचा ढीग खालची पोकळी भरू लागतो. फुटलेला खडक मूळ खडकापेक्षा जास्त जागा घेतो. ती साधारण सव्वापट धरली, तर ३ मीटर उंचीच्या पोकळीवरचे छत किती उंचीपर्यंत पडत जाईल? पडलेल्या खडकाची उंची क्ष मीटर मानली, तर त्याचा ढीग १.२५ क्ष होतो आणि त्याला क्ष अधिक ३ एवढी जागा भरायची असते. समीकरण सोडवा, क्ष बरोबर १२ येते. १२ मीटरवर ढीग छताला टेकतो आणि पडझड थांबते. पण पोकळीच्या वर खडक १२ मीटरपेक्षा कमी असेल तर? पडझड थांबण्याआधीच जमिनीपर्यंत पोचते आणि शेतात अचानक विहिरीसारखा खड्डा पडतो. म्हणून उथळ जुन्या खाणी खोल खाणींपेक्षा वरच्या माणसाला अधिक धोक्याच्या.

हा प्रयोग वर्गात करता येतो. काचेच्या किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात तळाशी, भिंतीला चिकटून, थोडा फुगवलेला छोटा फुगा ठेवा. त्याची नळी बाहेर काढा. वर किंचित ओल्या वाळूचे थर द्या, मधे मधे रांगोळीच्या पांढऱ्या रेघा टाका. आता नळीतून हवा हळूहळू सोडा. वाळूचा थर कमी असताना आणि जास्त असताना रेघा कशा वाकतात, वर खळगा कधी पडतो, ते मुलांनी रेखाटावे.

दुसरी खूण म्हणजे विटेसारखा लाल दगड. कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि त्यातून उष्णता निर्माण होते. खेळती हवा असेल तर ती उष्णता वाहून जाते. हवा अजिबात नसेल तर क्रियाच थांबते. अर्धवट बंद, भेगाळलेल्या खाणीत मात्र ऑक्सिजन मिळण्यापुरती हवा असते आणि उष्णता निघून जाण्यापुरती नसते. कोळसा आपोआप पेटतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा अशा आपोआप तापण्याला चटकन बळी पडतो. वरचा राखी शेल भट्टीतल्या विटेसारखा भाजून लाल होतो. झारखंडातल्या झरियात १९१६ पासून आगीची नोंद आहे आणि ती अद्याप पूर्ण विझलेली नाही. कुंभाराच्या आव्याची रचना मुलांनी पाहिली असेल तर हे त्यांना लगेच पटते.

तिसरी खूण म्हणजे नारिंगी पाणी. कोळशात आणि शेलमध्ये पिवळसर चकाकणारे एक खनिज असते, पायराइट. ते लोह आणि गंधक यांचे बनलेले आहे. पाणी आणि हवा मिळाली की त्यातून गंधकाम्ल आणि लोहाचे क्षार तयार होतात. गंजाच्या रंगाचा साका ओहोळाच्या तळाशी बसतो. जास्वंदीच्या पाकळ्या किंवा हळदीचे कागद घेऊन मुले निघतील, पण यातला एक कागद येथे उपयोगाचा नाही. हळद आम्लाने रंग बदलत नाही, अल्काने बदलते. जास्वंदीचा अर्क आम्लात लालसर होतो. तोच न्यावा. आणि हे पाणी पिऊ नये, हे सांगायला विसरू नये.

आत का जायचे नाही?

मराठवाड्यातल्या मुलांना हे समजावण्यासाठी एक चांगले उदाहरण घरातच आहे. जुन्या वाड्यांत जमिनीखाली धान्याचे पेव असे. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड बराच वेळ उघडे ठेवत, मग कंदील दोरीने खाली सोडत. कंदील विझला तर उतरायचे नाही. धान्य श्वसन करते, ऑक्सिजन वापरते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. हा वायू हवेच्या दीडपट जड, म्हणून तो खाली साचून राहतो. जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेली माणसे गुदमरल्याच्या बातम्या आपण वाचतो. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा.

बंद खाण म्हणजे फार मोठे पेव. मात्र पेवाचा कंदील येथे चालत नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, म्हणून कमी ऑक्सिजनची सूचना कंदील देतो. पण खाणीत मिथेनही असू शकतो. तो हवेपेक्षा हलका, छताशी साचणारा. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले तर ज्योत लागताच स्फोट होतो. ज्या कंदिलाने परीक्षा घ्यायची तोच काडी लावतो! याच कारणासाठी हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी असलेला दिवा केला. जाळी उष्णता पसरवून टाकते, म्हणून ज्वाला बाहेर जात नाही. तिसरा वायू कार्बन मोनॉक्साइड. खाणीत कुठे कोळसा धुमसत असेल तर तो असतोच. त्याला वास नाही, रंग नाही आणि माणसाला घातक ठरेल एवढ्या प्रमाणात तो असला तरी कंदील नीट जळत राहतो. ब्रिटनमधल्या खाणकामगारांनी त्यासाठी कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत १९८६ पर्यंत चालू ठेवली होती.

"पण काल तर आम्ही तोंडाशी उभे होतो, काही झाले नाही," असे कोणी म्हणेल. खाण श्वास घेते. बाहेरचा हवेचा दाब वाढला की बाहेरची हवा आत जाते. वादळापूर्वी दाब उतरला की आतली हवा बाहेर येते. कालचे निर्धोक तोंड आज विषारी हवा सोडत असू शकते. म्हणून नियम एकच: तोंडापाशीही रेंगाळायचे नाही.

पाणी आणि नकाशा

बंद खाणीचा सर्वांत मोठा धोका तिच्यापासून दूर, दुसऱ्या खाणीत काम करणाऱ्या माणसाला असतो. पंप थांबले की पोकळीत पाणी भरते. वर काही दिसत नाही. शेजारच्या खाणीतले लोक कोळसा कापत त्या भिंतीजवळ येतात.

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत असेच झाले. जुन्या जागेत साठलेले पाणी भिंत फोडून आत आले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महावीर खाणीत सुरुंगाने जुन्या पाणी भरलेल्या खाणीची भिंत फुटली. ७१ जण अडकले, त्यांपैकी सहा दगावले. उरलेल्या ६५ जणांसाठी वरून विंधण घेऊन त्यातून माणूस मावेल अशी लोखंडी कुपी सोडण्यात आली. अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः तीत बसून खाली उतरले आणि एकेकाला वर पाठवत शेवटचा माणूस वर जाईपर्यंत खालीच थांबले.

दोन्ही ठिकाणी मारणारे पाणी जुन्या खाणीचे होते. पाणी भरलेल्या जुन्या जागेपासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करायचे नाही, असा नियम आहे. पण ६० मीटर मोजायचे कुठून? जुनी खाण नेमकी कुठपर्यंत गेली होती ते कळले तरच नियमाला अर्थ आहे. म्हणून खाण सोडताना तिचा अचूक नकाशा करून तो सरकारी दप्तरी जमा करणे ही निव्वळ कागदी बाब नव्हे. पुढे जन्मणाऱ्या कामगाराच्या जिवाची ती हमी असते. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक खाणींचे असे विश्वासार्ह नकाशे नाहीत. खाण कशी बंद करणार, खड्डे कसे बुजवणार, जमीन कशी परत देणार, याचा आराखडा आणि त्यासाठीचा पैसा आधीच बाजूला ठेवण्याचे बंधन कोळसाखाणींवर २००९ पासून आले.

शिक्षकांसाठी

वरोरा-वणी-चंद्रपूर भागात सहल न्यायची असेल तर बंद खाणीच्या जागेवर स्वतःहून जाऊ नये. संबंधित खाण कार्यालयाची लेखी परवानगी आणि त्यांचा माणूस बरोबर हवा. कुंपण, खड्डा, भेग यांच्या पलीकडे पाऊल टाकायचे नाही. पाणी भरलेल्या जुन्या उघड्या खाणी तळ्यासारख्या दिसतात, पण त्यांचे काठ सरळ तुटलेले असतात आणि उतार नसतो. त्यांत पोहणे म्हणजे परत वर यायला पायरी नसलेल्या विहिरीत उडी घेणे. चालू आणि बंद खाणीची रचना सुरक्षितपणे पाहण्यासाठी नागपूरजवळ सावनेर येथे वेस्टर्न कोलफील्ड्सने पर्यटन महामंडळाबरोबर २०१६ मध्ये खाण-पर्यटन सुरू केले. सहलीपूर्वी तेथे चौकशी करून ठेवावी.

लांब जाणे जमत नसेल तर गावातच काम आहे. नव्या बोअरवेलचा भुगा दर दहा फुटांना वेगवेगळ्या पुडीत गोळा करा आणि त्यांची क्रमाने थप्पी चितारा. ते तुमचे छोटे किल्लारी झाले. 'विहिरीत कोळसा लागला' असे सांगत कोणी काळा दगड घेऊन आले तर हसू नका. तो ताणकाट्याला टांगून आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून वजन करा. हवेतल्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागा. उत्तर २.८ च्या आसपास आले तर दगड बेसॉल्ट आहे, १.३ ते १.५ आले तर तो खरेच कोळशासारखा आहे आणि भूजल विभागाला किंवा महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवण्याजोगा आहे. आणि गावात वापरात नसलेल्या विहिरी, सोडलेल्या दगडखाणी, बुजवलेली पेवे कुठे आहेत, ते जुन्या माणसांना विचारून गावाच्या नकाशावर खुणा करून घ्या. त्याची एक प्रत शाळेत ठेवा आणि एक ग्रामपंचायतीला द्या. काही वर्षांनी तेथे घर बांधणाऱ्याला, शेत नांगरणाऱ्याला किंवा नुसते खेळायला गेलेल्या पोराला तो नकाशा उपयोगी पडेल.